गळ्यातील गाठ, सुईची तपासणी आणि टक्केवारी

एखाद्या विधानाला आकड्याची जोड मिळाली की ते आपल्याला आपोआपच अधिक खरे वाटू लागते. 'बहुतेक विद्यार्थी उत्तीर्ण झाले' असे म्हटले तर ऐकणारा शंका काढतो. 'पंच्याण्णव टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले' असे म्हटले की तो मान डोलावतो. हे पंच्याण्णव कोणत्या शंभरांतले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारणे किती आवश्यक आहे, हे मला इतकी वर्षे वर्गात तर्कशास्त्र शिकवून जेवढे कळले नाही, तेवढे घरातल्या एका आजाराने कळले.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या गळ्यावर सुपारीएवढी गाठ दिसू लागली. ती पाणी पिऊ लागली की गाठ वरखाली होई. तेच शेजारणीच्या लक्षात आले. रीतसर सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी कागद पाहून सांगितले, "गाठ साधी आहे, काळजी करू नका. ही तपासणी पंच्याण्णव टक्के अचूक असते." आम्ही आभार मानून बाहेर पडलो. रिक्षात बसेपर्यंत अक्का काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, पण मी त्या पंच्याण्णवांतली की पाचांतली, हे कोण सांगणार?" मी गप्प बसलो. "तू कॉलेजात हेच शिकवतोस ना?" असे ती वर म्हणाली, तेव्हा तर मला खाली पाहावे लागले.

मी डॉक्टर नव्हे. परंतु अक्काचा प्रश्न मुळात वैद्यकाचा नव्हताच. तो पुराव्याचा आणि अनुमानाचा होता, आणि म्हणून कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही विचार करावा असा होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले आणि समजले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. गाठ आणि सुई

थायरॉइड किंवा अवटु ग्रंथी ही गळ्याच्या पुढील बाजूस, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा तिचा आकार. अन्नातील आयोडीन वापरून ती जे स्राव तयार करते, त्यांच्यावर शरीरातील सर्व व्यवहारांची गती अवलंबून असते. या ग्रंथीत गाठ होणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. नुसत्या हाताने चाचपून पाहिले तरी शंभर प्रौढ माणसांपैकी सुमारे चार ते सात जणांना अशी गाठ आढळते. सोनोग्राफीने पाहिले तर त्याच्या कितीतरी पटीने अधिक. यांतील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. तपासणीसाठी आलेल्या शंभर गाठींपैकी साधारणपणे पाच ते पंधरा कर्करोगाच्या निघतात.

तेव्हा खरा प्रश्न निवडीचा आहे. सगळ्याच गाठी कापून काढाव्यात म्हटले, तर नव्वद लोकांवर निष्कारण शस्त्रक्रिया होते. या शस्त्रक्रियेत आवाजाच्या शिरेला धक्का लागण्याचा धोका असतो. रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या चिमुकल्या ग्रंथी दुखावू शकतात. आणि संपूर्ण थायरॉइड काढली तर जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते. उलट, काहीच कापायचे नाही म्हटले तर खरा रोगी हातचा जातो.

या पेचातून सुईने वाट काढली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील हेझ मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली शरीरातील निरनिराळ्या गाठींत सुई खुपसून पेशी ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांची सुई जाड होती. पुढे स्वीडनमधील करोलिन्स्का संस्थेत बारीक सुईचा उपयोग रूढ झाला, आणि १९६२ साली येर्झी आइनहॉर्न व सिक्स्टेन फ्रान्सेन यांनी थायरॉइडच्या रोगांसंबंधीचा आपला अनुभव जगापुढे ठेवला. आज आपल्याकडील डॉक्टर जिला 'एफ.एन.ए.सी.' म्हणतात आणि रोगी जिला 'सुईची तपासणी' म्हणतात, ती हीच. इंजेक्शनच्या सुईसारख्या बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी खेचायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. भूल द्यावी लागत नाही, टाका पडत नाही आणि खर्चही बेताचा. ही पद्धत रूढ झाल्यावर शस्त्रक्रियांची संख्या घटली आणि कापून काढलेल्या गाठींत कर्करोगाच्या गाठींचे प्रमाण वाढले. म्हणजे निवड सुधारली.

अहवालांच्या भाषेतही पूर्वी मोठी अनागोंदी होती. एकाच चित्राला एक डॉक्टर 'संशयास्पद' म्हणे, दुसरा 'अनिश्चित' आणि तिसरा 'साधी असण्याचा संभव'. म्हणून २००७ साली अमेरिकेतील बेथेस्डा या गावी एक परिषद भरली आणि तीतून निघालेली पद्धती २०१० साली पुस्तकरूपाने आली. २०१७ आणि २०२३ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या बेथेस्डा पद्धतीत सहा वर्ग आहेत : पहिला, नमुना अपुरा, दुसरा, साधी गाठ, तिसरा, पेशींत काही अनिश्चित बदल, चौथा, फॉलिक्युलर प्रकारची वाढ, पाचवा, कर्करोगाचा संशय, आणि सहावा, कर्करोग. अक्काच्या कागदावर दुसरा वर्ग होता.

२. चार घरांचा तक्ता

तपासणी खरी की खोटी, हे ठरवायचे तर तिचे म्हणणे दुसऱ्या अधिक विश्वसनीय गोष्टीशी ताडून पाहिले पाहिजे. येथे ती गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीची ऊतिपरीक्षा. सुई 'हो' किंवा 'नाही' म्हणते. काढलेली गाठही 'हो' किंवा 'नाही' म्हणते. यांतून चार घरे तयार होतात : खरा होकार, खोटा होकार, खरा नकार आणि खोटा नकार.

या घरांवरून दोन मापे काढतात. ज्यांना खरोखर कर्करोग आहे त्यांच्यापैकी किती जणांना सुईने ओळखले, ही तिची संवेदिता. ज्यांना कर्करोग नाही त्यांच्यापैकी किती जणांना तिने बिनधोक सोडले, ही तिची विशिष्टता. रोगनिदानाच्या संदर्भात ही जोडी जेकब येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाने १९४७ साली छातीच्या क्ष-किरण चित्रांच्या वाचनाविषयी लिहिताना मांडली.

आता सोईसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ते सबंध लेखभर आपल्याला पुरणार आहे. १००० लोकांच्या गळ्यात गाठी आहेत आणि त्यांपैकी १०० कर्करोगाच्या आहेत, असे धरू. सुईची संवेदिता ९० टक्के आणि विशिष्टताही ९० टक्के माना. तर १०० रोग्यांपैकी ९० ओळखले जातील, १० सुटतील. उरलेल्या ९०० निरोगी गाठींपैकी ८१० ना 'साधी' असा निर्वाळा मिळेल आणि ९० ना निष्कारण 'हो' म्हटले जाईल. एकूण बरोबर उत्तरे ९० अधिक ८१०, म्हणजे ९००. अचूकता ९० टक्के.

आता दुसऱ्या एका तपासनिसाची कल्पना करा. तो सुई टोचतच नाही. जो येईल त्याला 'तुमची गाठ साधी आहे' असे सांगून घरी पाठवतो. त्याची अचूकता किती? ९०० निरोगी लोकांच्या बाबतीत तो बरोबर ठरला. अर्थात ९० टक्के! सूक्ष्मदर्शकापुढे डोळे शिणवणारा आणि हा आळशी, दोघांचे गुण सारखेच. फरक एवढाच, की आळशी तपासनिसाने शंभरच्या शंभर रोगी घालवले.

यावरून पहिला धडा मिळतो. 'एकूण अचूकता' हा एकच आकडा सांगितला तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. दोन्ही प्रकारच्या चुका वेगळ्या सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांची किंमत वेगळी आहे. खोट्या होकाराची किंमत एक अनावश्यक शस्त्रक्रिया. खोट्या नकाराची किंमत उशिरा कळलेला रोग.

३. रोगी कोठून आले?

संवेदिता आणि विशिष्टता ही मापे उपयुक्त असली तरी रोग्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. 'ज्याला कर्करोग आहे त्याला सुई ओळखेल का?' हा प्रश्न तपासणी शिकवणाऱ्याचा. रोगी उलट बाजूने विचारतो : 'सुईने हे सांगितले आहे, तर मला कर्करोग आहे का?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे ही जुनी तर्कदुष्टता आहे. सर्व कावळे काळे असतात, यावरून सर्व काळे पक्षी कावळे ठरत नाहीत.

आपल्या उदाहरणात सुईने १८० जणांना 'हो' म्हटले. त्यांपैकी खरे रोगी ९०. म्हणजे होकाराचा भरवसा केवळ ५० टक्के. 'नाही' म्हटले ८२० जणांना. त्यांतील ८१० खरोखर निरोगी. म्हणजे नकाराचा भरवसा जवळजवळ ९९ टक्के.

आता हीच सुई आणि हाच डॉक्टर एखाद्या मोठ्या कर्करोग रुग्णालयात नेऊन बसवू. तेथे गावोगावचे डॉक्टर आधीच संशय घेऊन रोगी पाठवतात. समजा, तेथे १००० पैकी ४०० गाठी कर्करोगाच्या आहेत. संवेदिता व विशिष्टता तीच ठेवून हिशोब केला, तर ३६० खरे होकार आणि ६० खोटे होकार. ५४० खरे नकार आणि ४० खोटे नकार. होकाराचा भरवसा ५० वरून ८६ टक्क्यांपर्यंत चढला आणि नकाराचा भरवसा ९९ वरून ९३ पर्यंत उतरला. सुई तीच, हात तोच, डोळे तेच. बदलली ती रांग.

टॉमस बेझ या इंग्लंडमधील धर्मोपदेशकाच्या मृत्यूनंतर १७६३ साली त्याचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याचे सार हेच आहे : नव्या पुराव्याचे वजन आधीच्या संभवाशी जोडून घेतल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून एका रुग्णालयात मिळालेली भरवशाची टक्केवारी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जशीच्या तशी वापरणे चुकीचे आहे.

४. पडताळून कोणाला पाहिले?

येथवरचे गणित सोपे होते, कारण आपण सर्वज्ञ असल्यासारखे १००० पैकी १०० रोगी आहेत असे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात खरे उत्तर गाठ कापून काढल्यावरच कळते. आणि ज्याला सुईने 'साधी' म्हटले त्याची गाठ सहसा कोणी कापत नाही. अचूकता मोजण्याच्या कामातील सर्वांत मोठी अडचण ही आहे.

विद्यार्थ्यांना पुनर्तपासणीचे उदाहरण लगेच पटेल. निकाल लागला की पेपर पुन्हा तपासण्यासाठी अर्ज कोण करतो? जो नापास झाला तो. ज्याला चुकून दहा गुण जास्त पडले, तो काही अर्ज करीत नाही. आता केवळ पुन्हा तपासलेल्या पेपरांवरून जर कोणी परीक्षकांच्या चुकांचे प्रमाण काढू लागला, तर त्याला कडक परीक्षकांच्याच चुका दिसतील. सढळ हाताने दिलेल्या गुणांचा त्याला पत्ताही लागणार नाही.

आपल्या हजार लोकांकडे पुन्हा वळू. 'हो' म्हटलेल्या १८० जणांची शस्त्रक्रिया झाली. 'नाही' म्हटलेल्या ८२० पैकी फक्त दहावा हिस्सा, म्हणजे ८२ जण, गाठ मोठी आहे, गिळताना अडते, वाईट दिसते अशा कारणांनी शस्त्रक्रियेस आले. या ८२ मध्ये ८१ निरोगी आणि १ रोगी निघाला असे धरू. आता रुग्णालयाच्या दप्तरात जी माहिती आहे तिच्यावरून हिशोब करा. ज्ञात रोगी ९१, त्यांपैकी ओळखले ९०. म्हणजे संवेदिता जवळजवळ ९९ टक्के! ज्ञात निरोगी १७१, त्यांपैकी बिनधोक सोडलेले ८१. म्हणजे विशिष्टता ४७ टक्के! खरी मापे दोन्ही ९० होती. एक फुगले, दुसरे निम्म्यावर आले. आणि कोणीही एक शब्दही खोटा लिहिलेला नाही.

हा केवळ कागदावरचा खेळ नव्हे. २०१२ साली मासिमो बोंजोव्हानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेथेस्डा पद्धतीने झालेल्या अनेक ठिकाणच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. २५,४४५ तपासण्या, पण त्यांपैकी शस्त्रक्रिया झालेल्या केवळ ६,३६२, म्हणजे पाव हिस्सा. हिशोब या पाव हिश्श्यावरच करता येण्यासारखा होता. त्यात संवेदिता निघाली ९७ टक्के आणि विशिष्टता ५०.७ टक्के. आपल्या काल्पनिक उदाहरणातील ९९ आणि ४७ यांच्याशेजारी हे आकडे ठेवून पाहावेत. त्या पन्नास टक्क्यांवरून 'सुई म्हणजे नाणेफेक' असा निष्कर्ष काढणारा मनुष्य न कापलेल्या तीन हिश्शांना विसरतो.

यावर उपाय आहे. कॉलिन बेग आणि रॉबर्ट ग्रीन्स यांनी १९८३ साली या दोषाची दुरुस्ती करण्याची रीत दाखवली. तिचा गाभा शाळकरी गणिताचा आहे : नकार मिळालेल्यांपैकी दहावाच हिस्सा पडताळला असेल, तर त्या हिश्श्यातील आकड्यांना दहाने गुणावे. ८१ चे ८१० होतात, १ चे १० होतात आणि मूळची ९० टक्क्यांची जोडी परत मिळते. मात्र येथे एक अट आहे. पडताळलेले ८२ हे न पडताळलेल्यांसारखेच असले पाहिजेत. प्रत्यक्षात डॉक्टर ज्या गाठीविषयी मनात किंतु असतो तीच बहुधा काढायला सांगतो. म्हणून उत्तम अभ्यासांत शस्त्रक्रिया न झालेल्या रोग्यांना वर्षानुवर्षे पुन्हा बोलावून पाहतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला टपालखर्च लागतो, माणसे गाव बदलतात. तरी त्यावाचून सत्य हाती लागत नाही.

५. 'हो' कशाला म्हणायचे?

चार घरांच्या तक्त्यात दोनच उत्तरे बसतात. बेथेस्डाचे वर्ग मात्र सहा आहेत. सहांचे दोन करताना रेघ कोठे मारायची, हे अभ्यास करणाऱ्याच्या हाती असते. फक्त सहाव्या वर्गाला 'हो' म्हटले तर खोटे होकार क्वचितच होतील, पण बरेच रोगी सुटतील. चौथ्या वर्गापासून पुढे सर्वांना 'हो' म्हटले तर रोगी फारसे सुटणार नाहीत, पण खोटे होकार वाढतील. वर सांगितलेल्या २०१२ च्या अभ्यासात चौथा, पाचवा आणि सहावा हे तिन्ही वर्ग होकारात धरले होते. विशिष्टता उतरण्याचे तेही एक कारण होय.

चौथ्या वर्गाची गोष्ट थोडी खुलासेवार सांगितली पाहिजे. फॉलिक्युलर प्रकारच्या गाठींत साधी गाठ आणि कर्करोग यांच्या पेशी दिसायला सारख्या असतात. गाठीच्या भोवतालचे आवरण किंवा रक्तवाहिनी फोडून पेशी बाहेर पडल्या आहेत काय, यावरच कर्करोगाचा निर्णय होतो. आणि ते पाहायला सबंध गाठ हाती लागते. पोत्यात टोचून काढलेल्या मूठभर ज्वारीवरून दाणा कसा आहे हे कळते. पोते कोठे फाटले आहे हे कळत नाही. तेव्हा चौथ्या वर्गाचा अहवाल म्हणजे 'कर्करोग आहे' असे विधान नसून 'मला येथून पुढे दिसत नाही, गाठ काढून पाहा' अशी प्रामाणिक कबुली आहे. ती गाठ पुढे साधी निघाली म्हणून तिला 'खोटा होकार' म्हणून शिक्षा करणे कितपत न्याय्य, याचा विचार व्हावा.

पहिल्या वर्गाचे काय? नमुना पुरेसा ठरण्यासाठी काचपट्टीवर पेशींचे किमान सहा पुंजके आणि प्रत्येक पुंजक्यात किमान दहा पेशी असाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. एवढे न मिळाल्यास नमुना अपुरा. बहुतेक अभ्यासांत असे नमुने हिशोबातून वगळतात. हे म्हणजे परीक्षेला न बसलेले विद्यार्थी वगळून महाविद्यालयाचा निकाल जाहीर करण्यासारखे झाले. कच्च्या मुलांचे फॉर्मच भरून घेतले नाहीत तर निकाल शंभर टक्केही लागू शकतो! अपुरे नमुने किती होते, हे निकालाशेजारी लिहिलेच पाहिजे. कारण ज्याला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते त्याच्या दृष्टीने ती तपासणी अयशस्वीच.

मेयो क्लिनिकमधील हुसेन घरीब आणि जॉन गोएलनर यांनी १९९३ साली आधीच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात संवेदिता ६५ पासून ९८ टक्क्यांपर्यंत आणि विशिष्टता ७२ पासून १०० टक्क्यांपर्यंत पसरलेली दिसते. एकाच तपासणीचे इतके निरनिराळे आकडे पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. रांग वेगळी, रेघ वेगळी, वगळलेले वेगळे आणि पडताळलेले वेगळे. मग आकडे एक कसे येतील? अर्थात डॉक्टरांच्या हाताचे आणि नजरेचे कौशल्यही त्यात आहेच.

६. पंचाची पारख

आतापर्यंत आपण काढलेल्या गाठीच्या ऊतिपरीक्षेला अंतिम न्यायाधीश मानले. परंतु न्यायाधीशही माणूस असतो आणि कायदाही बदलतो.

२०१६ साली युरी निकिफोरोव्ह यांच्या पुढाकाराने भरलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने असे ठरवले की, थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगातील एका पोटप्रकाराला, ज्यात गाठ आवरणात बंदिस्त राहते आणि बाहेर घुसत नाही, यापुढे कर्करोग म्हणू नये. निर्णय योग्य होता, कारण असे रोगी चांगले राहतात आणि 'कर्करोग' या शब्दाने त्यांच्यावर नाहक जादा उपचार होत. पण याचा परिणाम पाहा. ज्या काचपट्टीला 'कर्करोगाचा संशय' म्हणणे काल बरोबर होते, तेच आज चूक ठरले. पेशी बदलल्या नाहीत. त्यांचे नाव बदलले.

दुसरे उदाहरण फिनलंडचे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०१ मृतांच्या थायरॉइड ग्रंथींचे बारीक कापे घेऊन तपासले, तेव्हा त्यांपैकी ३६ जणांच्या ग्रंथींत पॅपिलरी कर्करोगाचे सूक्ष्म ठिपके आढळले. हयातीत त्यांचा मागमूसही नव्हता. आता समजा, सुईने एका गाठीला 'साधी' म्हटले, गाठ साधीच निघाली. पण ग्रंथीच्या दुसऱ्या टोकाला असा एक ठिपका सापडला. सुई चुकली काय? काही अभ्यासक 'हो' म्हणतात, काही 'नाही'. जितके बारीक कापे घ्यावेत तितके ठिपके अधिक सापडतील आणि तितकी सुई वाईट ठरेल. तेव्हा तुलना गाठीशी केली की सबंध ग्रंथीशी, हे आधी सांगितले पाहिजे. आणखी एक पथ्य असे की, ऊतिपरीक्षा करणाऱ्याला सुईचे उत्तर माहीत नसावे. नाहीतर पहिल्या परीक्षकाचे गुण पाहून दुसऱ्याने गुण देण्याचा प्रकार होतो.

सुईच्या काचपट्ट्या वाचणारी माणसे तरी आपापसांत सहमत असतात का? येथे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जेकब कोहेन आठवेल. सहमती मोजताना योगायोगाने होणारी सहमती वजा करावी, हे त्याने १९६० साली दाखवले. दोन डॉक्टरांनी १०० काचपट्ट्या पाहिल्या. ८५ ना दोघांनी साधे म्हटले, ५ ना दोघांनी संशयास्पद म्हटले आणि १० बाबतींत मतभेद झाला, पाचात एकाचे मत 'साधे' तर पाचात दुसऱ्याचे. सहमती ९० टक्के दिसते. परंतु दोघेही शंभरातील नव्वदांना साधे म्हणणारे असल्याने, न पाहता उत्तरे दिली असती तरी ८२ टक्के सहमती झालीच असती. योगायोगाच्या पलीकडे शक्य असलेल्या १८ पैकी त्यांनी केवळ ८ मिळवले. कोहेनचे माप ०.४४ येते. नव्वदाची शान एकदम निम्म्यावर येते.

७. अक्काच्या प्रश्नाचे उत्तर

सारांश, तपासणीची अचूकता ही सुईच्या पोलादात साठवलेली नसते. रोगी कोठून आले, रेघ कोठे मारली, कोणाला वगळले, कोणाला पडताळले आणि पंच कोण होता, या पाच प्रश्नांच्या उत्तरांतून ती घडते. ही उत्तरे शेजारी नसतील तर टक्केवारी कितीही भारदस्त असो, ती अर्धे वाक्य आहे. हे प्रश्न केवळ वैद्यकासाठी नव्हेत. निकाल, जनमत, शिकवणीवर्गांच्या जाहिराती, सर्वत्र ते विचारता येतात. मात्र या विवेचनावरून सुईवरचा विश्वास उडावा असा माझा मुळीच हेतू नाही. सर्व दोष मान्य करूनही गळ्यातल्या गाठीविषयी एवढ्या थोड्या त्रासात एवढे सांगणारी तपासणी विरळाच. तिचे ऋण मानायचे ते तिची मर्यादा ओळखूनच.

हे सारे वाचून झाल्यावर मी एका रविवारी अक्काकडे गेलो. २०२३ च्या बेथेस्डा आवृत्तीप्रमाणे 'साधी' या दुसऱ्या वर्गातील गाठी पुढे कर्करोगाच्या निघण्याचे सरासरी प्रमाण ४ टक्के, निरनिराळ्या ठिकाणी २ ते ७. हा आकडाही शस्त्रक्रिया झालेल्यांवरून काढलेला. न कापलेल्या गाठी धरल्या तर तो याहून खाली येण्याचाच संभव. मी तिला म्हटले, "अक्का, शंभर बायकांना तुझ्यासारखा कागद मिळाला, तर त्यांतल्या फार तर तिघी-चौघींची गाठ पुढे वाईट निघेल. तू त्यांतली आहेस की नाहीस, हे आज कोणालाच सांगता येणार नाही."

ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग त्या तिघी-चौघी सापडतात कशा?"

"वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. गाठ वाढली किंवा तिचे रूप बदलले, तर पुन्हा सुई. हा रोग बहुधा सावकाश वाढणारा असतो. एवढ्या अवधीने सहसा नुकसान होत नाही."

"म्हणजे पुन्हा जायचे आहे तर! मला वाटले, काळजी नाही म्हणजे संपले."

पंच्याण्णव टक्के हा शब्द ऐकून आम्ही दोघांनीही तेच समजलो होतो. मी शिकलेला, ती न शिकलेली, एवढाच काय तो फरक. अक्काने उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या सोनोग्राफीचा महिना पेन्सिलीने लिहून ठेवला. तो महिना आला तेव्हा आम्ही गेलो. गाठ होती तेवढीच होती. डॉक्टरांनी पुन्हा दोन वर्षांनी यायला सांगितले, आणि या वेळी अक्काने त्यांना टक्केवारी विचारली नाही, तारीख विचारली.